रेशनचं तेल बदललं तेव्हा

परदेशात गाव बदललं, नवा डॉक्टर शोधला, की पहिल्या भेटीत एक फॉर्म हातात येतो. आई-वडिलांना मधुमेह आहे का? भावंडांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकार झाला का? तुम्ही सिगारेट ओढता का? आठवड्यातून किती वेळा व्यायाम करता? आपल्यापैकी बरेच जण पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणतात आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थोडं वाढवून लिहितात.

या फॉर्मवर काही प्रश्न मात्र नसतात. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर भाजी मिळते का? ऑफिसला जायला गाडीशिवाय दुसरा मार्ग आहे का? तुमच्या भागात सगळ्यात स्वस्त तेल कोणतं? जणू आजाराची कारणं दोनच ठिकाणी असतात: एक तर रक्तात, नाही तर स्वभावात. आपण घरीही असंच बोलतो. "आमच्याकडे आनुवंशिकच आहे, काय करणार?" हे एक वाक्य, आणि "तोंडावर ताबा नाही, म्हणून झालं," हे दुसरं. पहिल्यात नशीब, दुसऱ्यात दोष.

या दोन्हींपलीकडची तिसरी गोष्ट समजून घ्यायची असेल, तर हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटाकडे बघायला हवं.

एक बेट, चार समाज

मॉरिशसला १८३४ पासून भारतातून गिरमिटिया मजूर नेले जाऊ लागले. पोर्ट लुईस बंदरातल्या 'आप्रवासी घाटा'च्या पायऱ्या चढून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या लाखो लोकांत मुंबई बंदरातून निघालेले, कोकणातले मराठी मजूरही होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. भारतीय हिंदू आणि मुस्लिम, आफ्रिका व मादागास्करकडून आणलेल्या गुलामांचे क्रिओल वंशज, चिनी व्यापाऱ्यांची कुटुंबं, असे निरनिराळ्या मुळांचे लोक या बेटावर एकत्र राहतात.

१९८०च्या दशकात बेट झपाट्यानं बदलत होतं. उसाच्या जोडीला कापड कारखाने आले, पर्यटन आलं, हातात पैसा आला. संसर्गजन्य आजार मागे हटले आणि त्यांची जागा हृदयविकार व मधुमेहानं घेतली. १९८७ साली मॉरिशस सरकारनं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं मोठी पाहणी केली. २५ ते ७४ वयाच्या सुमारे पाच हजार लोकांना उपाशीपोटी बोलावून, ग्लुकोजचं पाणी पाजून, दोन तासांनी पुन्हा रक्त तपासलं. ऑस्ट्रेलियाचे पॉल झिमेट आणि फिनलंडचे याक्को तुओमिलेहतो हे मधुमेहाचे नामवंत अभ्यासक या कामात होते.

भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेह जास्त आढळेल, हे अपेक्षितच होतं. तसं झालंही. हिंदूंमध्ये प्रमाण १२.४ टक्के होतं आणि मुस्लिमांमध्ये १३.३ टक्के. अनपेक्षित होते ते बाकीचे आकडे. क्रिओल लोकांत प्रमाण १०.४ टक्के निघालं आणि चिनी लोकांत ११.५ टक्के.

त्या चिनी आकड्यावर जरा थांबा. १९८०च्या सुमारास खुद्द चीनमध्ये केलेल्या मोठ्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. पूर्वज त्याच देशातले, म्हणजे जनुकंही साधारण तीच, आणि तरी इतका फरक. मग बदललं काय? बेट बदललं, म्हणजे खाणं, काम, चालणं आणि पैसा बदलला. चीन उद्या असा श्रीमंत झाला तर तिथे काय होऊ शकतं, याची चुणूक मॉरिशसच्या चिनी लोकांत दिसते, असा इशारा अभ्यासकांनी १९९० साली दिला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत चीनमधल्या प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर पोहोचलं. निदानाचे निकष मधल्या काळात बदलले आहेत, हे मान्य. पण एवढी मोठी उडी निकषांच्या फरकानं समजावता येत नाही.

स्वस्त तेलाचा हिशेब

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. बेटावरच्या लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल चढं होतं, ५.५ मिलिमोल प्रति लिटर. अमेरिकेत किंवा भारतात तुमचा रिपोर्ट ज्या एककात येतो, त्यात हे सुमारे २१३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होतं.

मॉरिशसमध्ये सर्वाधिक वापरलं जाणारं तेल म्हणजे सरकारी अनुदानाचं रेशनचं तेल. ते मुख्यतः पाम तेल होतं. पाम तेलात जवळपास निम्मी स्निग्धाम्लं संपृक्त असतात, म्हणूनच थंडीत ते अर्धवट गोठतं. सोयाबीनच्या तेलात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास असतं आणि निम्म्याहून अधिक भाग बहुअसंपृक्त, म्हणजे ज्याला बाटलीवर 'पॉलीअनसॅच्युरेटेड' म्हणतात तो असतो.

याचा रक्ताशी संबंध काय? आपल्या यकृताच्या पेशींवर एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण पकडून आत ओढणारे ग्राहक रेणू असतात. बंदरात मालाची बोट लावायला धक्का असावा, तसे. आहारात संपृक्त स्निग्धाम्लं जास्त असली की धक्क्यांची संख्या घटते आणि एलडीएलच्या बोटी रक्तातच फिरत राहतात. तिथून त्यांतल्या काही धमन्यांच्या भिंतीत घुसतात. बहुअसंपृक्त स्निग्धाम्लं याच्या उलट परिणाम करतात. धक्के वाढतात आणि रक्त लवकर मोकळं होतं.

सरकारनं १९८७ मध्ये रेशनच्या तेलाचा नियम बदलला. यापुढे ते सोयाबीनचं असेल, एवढाच हा बदल. कोणाला व्याख्यान ऐकावं लागलं नाही आणि कोणी शपथ घेतली नाही. दुकानातल्या नेहमीच्या तेलात आता वेगळं तेल आलं, आणि भाजी, पुरी, भजी त्यातच होऊ लागली. शिवाय तंबाखू, दारू, मीठ, व्यायाम यांबद्दल शाळांमधून, कारखान्यांमधून आणि रेडिओ-टीव्हीवरून मोहीमही चालू झाली.

१९९२ साली पुन्हा तशीच पाहणी झाली. सरासरी कोलेस्टेरॉल ५.५ वरून ४.७ वर आलं होतं, म्हणजे २१३ वरून साधारण १८२ वर. ही काही निवडक रुग्णांची गोष्ट नव्हती, अख्ख्या बेटाच्या प्रौढांची सरासरी पाच वर्षांत तीस अंकांनी घसरली होती. यातला किती वाटा तेलाचा, हेही अभ्यासकांनी मोजून पाहिलं. आहारातल्या स्निग्धाम्लांच्या बदलानं या घसरणीपैकी जवळपास निम्मी समजावता आली. उरलेली इतर कारणांनी झाली असणार.

इथे वैज्ञानिक म्हणून एक इशारा द्यायला हवा. ही 'आधी आणि नंतर' अशी तुलना आहे. तेल न बदललेलं दुसरं मॉरिशस शेजारी नव्हतं. पण संपृक्त तेलाऐवजी बहुअसंपृक्त तेल दिलं की कोलेस्टेरॉल उतरतं, हे अनेक नियंत्रित प्रयोगांतून माहीत आहे. बेटावर त्याच दिशेनं, साधारण अपेक्षेइतकाच बदल दिसला, म्हणून हा निष्कर्ष भक्कम वाटतो.

असा मार्ग दाखवणारा प्रदेश आधी होऊन गेला होता. फिनलंडच्या पूर्वेकडच्या उत्तर करेलिया प्रांतात तरुण-मध्यमवयीन पुरुष हृदयविकारानं भराभर मरत होते. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली तिथे प्रकल्प उभा राहिला. लोण्याच्या या देशात त्यांनी दूधसंघ, सॉसेज बनवणारे कारखाने आणि गावातल्या महिलामंडळांना सोबत घेतलं. दुग्धव्यवसायातल्या काही शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवलं. पुढच्या ३५ वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

दोन वेगळे प्रश्न

कोलेस्टेरॉल तीस अंकांनी उतरल्याचं मॉरिशसमधल्या एखाद्या माणसाला जाणवलं असेल का? मुळीच नाही. मग एवढं कौतुक कशाला?

याचं उत्तर ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मधल्या एका गाजलेल्या निबंधात दिलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की आपण दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत करतो. 'या माणसाला उच्च रक्तदाब का झाला?' हा एक प्रश्न, आणि 'या समाजात इतक्या लोकांना उच्च रक्तदाब का आहे?' हा दुसरा. त्यांनी लंडनमधले सरकारी कर्मचारी आणि केनियातल्या भटक्या जमाती यांच्या रक्तदाबाचे आलेख शेजारी ठेवले. दोन्हीकडे काहींचा दाब कमी, बहुतेकांचा मधला, थोड्यांचा जास्त, आकार तोच. फक्त लंडनचा पूर्ण आलेखच उजवीकडे सरकलेला होता. एका लंडनकराचा दाब शेजाऱ्याहून जास्त का, याचं उत्तर जनुकांत सापडेल. पण सगळं लंडनच उजवीकडे का सरकलं, याचं उत्तर लंडनकरांची एकमेकांशी तुलना करून कधीच सापडणार नाही. कारण जे सगळ्यांच्याच ताटात आहे, ते कोणाला वेगळं करत नाही.

हीच गोष्ट तेलाची. बेटावरचे सगळेच जर एकच तेल खात असतील, तर तिथे आजारी पडणारा आणि न पडणारा यांच्यात फरक दिसेल तो आनुवंशिकतेचा. डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणेल, 'तुमच्या घराण्यातच आहे.' आणि तेल कोणालाच दिसणार नाही.

सरासरी हलवण्याची ताकदही याच आलेखात आहे. स्टॅटिन गोळ्यांच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं आहे, की एलडीएल १ मिलिमोल, म्हणजे सुमारे ३९ मिलिग्रॅम कमी झालं तर हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना साधारण एक पंचमांशानं घटतात. ज्याचा धोका मुळात लहान, त्याच्यासाठी हा फायदा नगण्य. पण मध्यम धोक्याची माणसं समाजात इतकी प्रचंड असतात, की बरेचसे झटके त्यांच्यातूनच येतात. प्रत्येकाला थोडंसं, पण मिळून खूप, असं हे गणित आहे.

जे सुधारलं नाही

ही गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल. १९८७ ते १९९२ या काळात मॉरिशसमध्ये पुरुषांतलं धूम्रपान ५८ वरून ४७ टक्क्यांवर आलं, अति मद्यपान ३८ वरून १४ टक्क्यांवर, उच्च रक्तदाबही घटला. पण लठ्ठपणा वाढला आणि मधुमेहाचं प्रमाण काही उतरलं नाही. पुढे तर ते चढतच गेलं. २००९च्या पाहणीत दर पाच प्रौढांमागे एकाहून अधिक जणांना मधुमेह होता.

तेल बदलणं सोपं होतं, कारण ते एका नियमानं, एका डब्यात बदलता येत होतं. बैठी नोकरी, मोटारी, गोड पेयं, पांढरा भात आणि पाव यांना असा एकच डबा नाही. सोयाबीनच्या तेलातही कॅलरी तेवढ्याच असतात. त्यानं कोलेस्टेरॉल उतरेल, पोट उतरणार नाही. परिसरातला कोणता भाग कोणत्या आजाराला हात घालतो, हे नेमकं ओळखावं लागतं.

मग घराणं काहीच नाही का?

आहे, आणि आपल्या बाबतीत तर फारच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ साली लॅन्सेटमध्ये छापलेला जोडफोटो तुम्ही पाहिला असेल. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे, पण आतला माल वेगळा.

हे कुठून येतं, ते शोधायला याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. स्नायू, पोटातले अवयव, सगळं लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. म्हणजे दिसायला हडकुळं, आतून चरबीचं बाळ. अशा शरीरात साखर साठवणारे स्नायू कमी असतात. पुढे भरपूर खाणं आणि कमी हालचाल वाट्याला आली, की मधुमेह लवकर गाठतो.

पण बघा, हा 'वैयक्तिक' घटक तरी पूर्णपणे वैयक्तिक कुठे आहे? त्या गावांतल्या आया सडपातळ होत्या, गरोदरपणातही शेतात राबत होत्या. पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या आहारात जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी भरली. आईच्या भोवतालची परिस्थितीच बाळाच्या शरीरात उतरली होती. आज ज्याला आपण 'आमच्या घराण्यातच आहे' म्हणतो, त्यातला काही भाग आपल्या आजीच्या ताटात काय नव्हतं, याची नोंद असतो.

म्हणूनच 'जनुकं किती टक्के आणि परिस्थिती किती टक्के?' हा प्रश्न फसवा आहे. चहा कडक झाला तो पत्तीमुळे किती टक्के आणि उकळल्यामुळे किती टक्के, असं विचारण्यासारखा. पत्ती नसेल तर कितीही उकळा, पाणीच राहील. आणि गार पाण्यात कितीही पत्ती टाका, चहा होणार नाही.

परदेशस्थांसाठी याचा सगळ्यात बोलका पुरावा १९९५ मध्ये लॅन्सेटमध्येच आला. पश्चिम लंडनमध्ये स्थायिक झालेले पंजाबी आणि पंजाबात राहिलेली त्यांची सख्खी भावंडं, अशी ती तुलना होती. लंडनमधल्या भावंडांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपाशीपोटीची साखर, सगळं गावाकडच्यांपेक्षा जास्त निघालं. फक्त एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती: लायपोप्रोटीन (ए). हा कोलेस्टेरॉलचाच एक भाईबंद कण जवळजवळ पूर्णपणे जनुकं ठरवतात, आणि दोन्ही गटांत तो गोऱ्या युरोपियनांपेक्षा जास्त होता. रक्ताच्या एकाच नमुन्यात आई-वडिलांनी दिलेलं आणि लंडननं दिलेलं असं दोन्ही शेजारीशेजारी दिसत होतं.

आपलं बेट

यातून तुम्ही-आम्ही काय घ्यायचं?

पहिलं, स्वतःचं माप आपल्या शरीराच्या हिशेबानं घ्या. अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहाची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच सुचवली आहे. ब्रिटनमध्येही दक्षिण आशियाईंसाठी वाढत्या धोक्याची रेषा २३ वरच आहे. 'मी तर बारीक आहे' हे उत्तर आपल्याला पुरत नाही. कंबर मोजा, एचबीए१सी तपासा. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर लायपोप्रोटीन (ए) एकदा तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारा; तो आयुष्यभर फारसा बदलत नाही.

दुसरं, स्वतःला आणि इतरांना दोष देणं थोडं कमी करा. टेक्सासच्या उपनगरात पदपथच नसेल, जूनच्या दुपारी दुबईत बाहेर पाऊल टाकणं अशक्य असेल, तर 'चालायला जात जा' हा सल्ला अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग तुम्ही घर कुठे घेता, शहराच्या बैठकीत कशासाठी हात वर करता, मुलांच्या शाळेत काय खायला मिळावं याचा आग्रह धरता की नाही, यात आहे.

तिसरं सगळ्यात सोपं आहे. एखादं गाव, बेट, प्रांत आपल्या हातात नसतो, पण आपल्यापैकी अनेकांच्या हातात एक छोटं स्वयंपाकघर असतं, आणि ते घरातलं नव्हे. गणपतीला, दिवाळीला, संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात शे-दोनशे, कधी पाचशे पानं उठतात. वडे कोणत्या तेलात तळायचे, फरसाणाची जी पाकिटं मागवायची त्यांच्या मागे 'पाम तेल' लिहिलंय का, मुलांसाठी कोकाकोलाचे खोके आणायचे की कोकम सरबत आणि तेही किती गोड, पुरीबरोबर भाकरी आणि कोशिंबिरीचा मोठा टोप ठेवायचा का, हे सगळं दोन-तीन माणसं एका व्हॉट्सॲप गटावर ठरवतात. खाणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. मॉरिशसच्या लोकांना तरी कुठे लागला होता?

वर्षातली चार जेवणं कोणाचं कोलेस्टेरॉल तीस अंकांनी उतरवणार नाहीत. पण मंडळात जे रुळतं ते हळूहळू वाढदिवसांना, डोहाळजेवणांना, घरच्या सत्यनारायणाला रुळतं. तेव्हा पुढच्या वेळी जेवणाच्या समितीत नाव द्यायला कोणी तयार नसेल, तर तुम्ही द्या.